प्रतिपिंडालाही प्रतिपिंड

बाई, काल दवाखान्यात एका पेशंटच्या रक्ताचा रिपोर्ट हातात आला आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की वयानं आता मीच तुमच्याहून मोठी आहे.

तुमच्या प्रयोगशाळेत आले तेव्हा मी बेंगळूरच्या जुन्या मराठी घरातली मुलगी, बोलण्यात निम्मं कन्नड. 'स्वल्प थांबा' म्हटलं की पुण्याहून आलेल्या तुम्ही हसायचात, आणि माझ्या वहीतलं शुद्धलेखन सुधारायचात. आपण सशांना टायफॉइडचे मेलेले जंतू टोचायचो आणि त्यांच्या रक्तात तयार होणारी, जंतूंना जखडणारी प्रतिपिंडं जमवायचो. एकदा तुम्ही एका सशाची प्रतिपिंडं दुसऱ्या सशाला टोचायला लावलीत. पुढे त्या दुसऱ्याच्या रक्तातलं पाणी आणि पहिल्याची प्रतिपिंडं मी बारीक काचनळीत एकावर एक सोडली. दोन्ही नितळ. आणि बघता बघता ती भेटतात तिथे पांढरं कडं उमटतंय. तुम्ही नळी खिडकीच्या उजेडात धरून उभ्या. "अगं, प्रतिपिंडालाही प्रतिपिंड!" एवढंच म्हणालात, तेही देवळात बोलावं तसं हळू.

त्या सुमारास तुम्ही लंगडत होतात. तळपायावरचा काळा डाग काटा मोडला असेल म्हणून सोडून दिलेला. डॉक्टरांनी तो कापला, पण कर्करोग जांघेपर्यंत पोचला होता. ते कळलं त्या दिवशी सुई धरताना मला रडू फुटलं. "रडायचं तर बाहेर जा. हात हलला की सशाला दुखतं." संध्याकाळी मात्र मला यशवंतपूरला तुमच्या घरी जेवायला नेलंत. पोळ्यांच्या कणकेत कपाटाची किल्ली दाबलीत, ठशात मेणबत्तीचं मेण ओतलंत. निवल्यावर कणीक सोलली, तर हातात मेणाची किल्ली!

"जंतू ही किल्ली, प्रतिपिंड हा तिचा ठसा," तुम्ही म्हणालात. "मग ठशाचा ठसा कसा असेल?"

"किल्लीसारखाच."

"आता कर्करोगाच्या गाठीचा विचार कर. शरीराला ती आपलीच वाटते, म्हणून ते गप्प बसतं. तिच्यासारखं दिसणारं, पण परकं काही टोचलं, तर जागं होईल?"

मी तुमच्या पायाकडे बघत राहिले. तुमच्या लक्षात आलं. "माझ्यासाठी नाही गं. फार वेळ लागेल त्याला. पोळी घे."

त्या वर्षीची दिवाळी तुम्ही पाहिली नाहीत. आज तशी लस आम्ही टोचून पाहतो आहोत, बाई. तुम्हाला झालेल्याच कर्करोगाच्या गाठीसारखं दिसणारं, उंदरात बनवलेलं प्रतिपिंड, तुमचा तो ठशाचा ठसा. कालचा रिपोर्ट होसकोट्याच्या एका अक्कांचा. त्यांच्या शरीरानं इतके दिवस ओळख न दाखवलेली गाठ ओळखली, तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली. मी त्यांना रिपोर्ट समजावून सांगितला. "सरी, ठीक आहे, मग मी बरी होणार ना?" त्यांनी विचारलं. हो म्हणता आलं नाही. काहींच्या रक्तात अशीच प्रतिपिंडं आली, तरी गाठी वाढल्याच. "शरीर लढायला लागलंय," एवढंच म्हटलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

हे पत्र कुठे टाकणार? खरं सांगू, तुम्ही वाचणार नाही हे ठाऊक असूनही मी शुद्धलेखन पुन्हा तपासलं आहे.