डोहावर राहिलेली बाई

दादा,

धबधबे दाखवायची तुझी गाडी आता मी चालवतो. तू शिकवलंस तसं प्रत्येक डोहावरून निघताना डोकी मोजतो. काल तिसऱ्या डोहावर सगळे मनसोक्त पोहले. निघताना अकरा होते, स्टँडवरही अकराच उतरले. शेवटी त्यांच्यातल्या एक शिक्षिकाबाई उतरल्या. "येते हं," म्हणाल्या. त्यांची सीट ओलीचिंब होती.

ती पुसत होतो, तोच फोन वाजला. त्याच बाई! "अहो ड्रायव्हर, मला डोहावरच विसरलात की!"

गाडी तशीच परत नेली. बाई खडकावर कुडकुडत बसल्या होत्या. मग स्टँडवर मी उतरवलं कुणाला?

चार वर्षांपूर्वी तूही त्याच डोहात पोहायला उतरला होतास. घरी आलास आणि दुसऱ्या दिवशी गाडी सोडलीस. वहिनी तेव्हापासून सांगते, "भाऊजी, ह्यांची उशी रोज ओली असते." मी म्हणायचो, घाम असेल.

आज सकाळपासून त्या खडकावर बसून तुला हाका मारतोय.

हे पत्र घरी पाठवणार नाही. तिथे ते तो उघडेल.

तुझी वाट बघणारा,
धाकटा