बाहेरून पाहिलेली देवळं

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५. सकाळी ७.१०

ही वही हेमांगीने बीपी लिहायला दिली. मुलीचं मन राखायचं म्हणून: १३८/८८. यापुढे वहीचा उपयोग मोठ्या कामासाठी.

रिटायर होऊन सतरा दिवस झाले. छत्तीस वर्षं केमिकल कंपनीच्या परचेसमध्ये गेली. आता संकल्प. ठाणे जिल्ह्यातली प्राचीन देवळं आणि लेणी, एकूण चौदा, महाशिवरात्रीपर्यंत बघून संपवायची. मग पुस्तक. प्रस्तावना सुचलेली आहे.

बायकोला, मंदाकिनीला सांगितलं. ती मटार सोलत होती. बरं, म्हणाली. अठ्ठावीस वर्षं कल्याणच्या शाळेत मराठी शिकवलेल्या बाईकडून एखादं वाक्य जास्त यायला हरकत नव्हती. पण तिला या विषयात गम्य नाही, तिला दोष देणार नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पहिला मुक्काम ठाणे, कोपीनेश्वर. नवी हॅट, नवे ट्रेकिंग शूज, टॉर्च, मोजपट्टी.

नौपाड्यात कंपनीतला जुना विनीत भेटला. हॅट बघून म्हणाला, मासे पकडायला निघालास काय. त्याला प्रकल्प समजावला. मिसळ खात समजावला, मग चहा पीत. सव्वादोन तास गेले. पाय दुखायला लागले (शूज नवे). देऊळ तलावाच्या काठावरून पाहिलं. वास्तूचा डौल लांबूनच कळतो, जवळ गेलं की नुसती गर्दी दिसते.

चौदापैकी एक झालं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

चहा स्वतः केला. मंदाकिनी सकाळीच शेवंतीबाईंबरोबर बाहेर. शेवंती गायकवाड तिच्याच शाळेत गणित शिकवायच्या. शाळा सुटली तरी यांचे शनिवार सुटलेले नाहीत. दोघी कुठे जातात कोण जाणे, भिशी असेल, नाहीतर साड्यांचा सेल. येताना चपला धुळीने भरलेल्या. डोंबिवलीचे रस्ते.

सोमवार, २४ नोव्हेंबर

अंबरनाथचं शिवमंदिर. दोन रात्री व्हिडिओ बघून तयारी केलेली. शके ९८२. शिलाहार. मंडपातून गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जायचं.

सोमवार असल्याने लाईन होती. शिवाय शूज बाहेर काढायचे. बेल-फुलं विकणारी एक बाई, गोदा नाव, म्हणाली, ठेवा काका, मी बघते. चेहरा भला होता. पण शूज आठवड्याचेसुद्धा नव्हते. आत गेलो नाही.

बाहेरच्या भिंतीवरच खरं शिल्पवैभव असतं. एक जोडपं फोटो काढत होतं, त्यांना एका मूर्तीत विष्णू कसा ओळखायचा ते दहा मिनिटं समजावलं. मुलगी शेवटी म्हणाली, काका, ही बाई आहे. मूर्ती झिजलेली आहे, मतभेद होणारच.

घरी मंदाकिनीने विचारलं, गाभाऱ्यात उतरलात का. म्हटलं, उतरलो. कसं वाटलं, म्हणाली. म्हटलं, अंधार असतो. ती कुकर लावायला गेली.

दोन झाली.

रविवार, ३० नोव्हेंबर

सोसायटीची मीटिंग. विषय पाण्याच्या टाकीचा होता. तो संपल्यावर मी उभा राहिलो आणि हेरिटेज वॉकची कल्पना मांडली. लोनाडची लेणी, कल्याणहून जवळ, पंधराशे वर्षं जुनी, आणि आपल्याला पत्ता नाही. शेवटचं वाक्य ठासून म्हटलं. सेक्रेटरी अण्णांनी विचारलं, तुम्ही पाहिली आहेत ना. म्हटलं, अनेकदा.

हे अगदी खोटं नाही. एक व्हिडिओ चार वेळा पाहिला आहे.

१४ डिसेंबर, रविवार ठरला. एकवीस नावं आली. अण्णांनी ग्रुपवर टाकलं: मार्गदर्शक, श्री. गुरुदत्त. छत्तीस वर्षांत कंपनीने मला असं नाव दिलं नव्हतं. मेसेज हेमांगीला पाठवला. तिने अंगठा पाठवला आणि बीपी विचारलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

रस्ता बघून ठेवायला गेलो. कल्याणहून रिक्षा. नकाशा मी धरला होता. पुलापलीकडे एक वळण नकाशाने चुकीचं दाखवलं (किंवा उशिरा दाखवलं), आणि आम्ही गोदामांच्या वस्तीत शिरलो. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या भिंती, कंटेनरच्या रांगा. वॉचमनने रजिस्टरमध्ये नाव, गाव आणि येण्याचं कारण लिहून घेतलं. कारण: लेणी. त्याने मला गेट नंबर सहावर पाठवलं. तिथे लेणी नव्हती, लादी उतरत होती.

तीन वाजले. रिक्षावाला म्हणाला, काका, परत जायचं का पुढे? म्हटलं, परत. रस्ता साधारण लक्षात आला. कुठून जायचं नाही ते तर पक्कं झालं.

शनिवार, १३ डिसेंबर

मंदाकिनी म्हणाली, उद्या मीपण येते, शेवंतीलाही घेऊ का. मनापासून बरं वाटलं. चढ आहे, बूट घाल, दोघींनी सावकाश या, मी पुढे असेन, अशा सूचना दिल्या. तिने मान हलवली.

भाषणाची चौदा पानं फोनवर तयार. आधी विनोद, मग इतिहास, मग कोपरखळी.

रविवार, १४ डिसेंबर. सायंकाळी ६

जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे नंतर विपर्यास व्हायला नको.

बस निघाली. पुलापलीकडच्या वळणावर मी ड्रायव्हरला डावीकडे म्हणालो. मागून मंदाकिनी म्हणाली, अहो, सरळ. बस सरळ गेली आणि गावात पोचली.

टेकडीच्या पायथ्याशी लाकडं घेऊन निघालेली एक म्हातारी थांबली. मला वाटलं, हॅटमुळे. ती म्हणाली, बाई, गेल्या शनिवारी नाय आलात? हे ती मंदाकिनीला म्हणाली. मंदाकिनीने तिच्या सुनेचं बाळंतपण विचारलं. शेवंतीबाईंनी पिशवीतून झबलं काढून दिलं.

वर गेलो. खांबांची ओवरी, आत शेंदूर लावलेली देवी, भिंतीवर कोरलेला राजाचा दरबार. व्हिडिओत हे सगळं मोठं वाटतं. एकवीस माणसं माझ्याकडे बघायला लागली. फोन काढला. नेटवर्क नाही. चौदा पानं नेटवर.

अशा वेळी अनुभव कामी येतो. मी म्हणालो, ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली. समोर बसलेले ते पाच पांडव. शेवंतीबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, भाऊ, पाच मोजून दाखवाल का. मोजले. चार भरले, नंतर सात.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

अण्णांनी मंदाकिनीला विचारलं, वहिनी, तुम्हाला काही माहिती आहे का. ती म्हणाली, थोडी. हे बौद्ध लेणं. भिंतीवर जातककथा असावी, पण कुठली यावर जाणकारांचं एकमत नाही, आणि मला तर माहीतच नाही. गावाने पुढे इथे देवी मानली. गंमत म्हणजे, 'मला माहीत नाही' म्हटल्यावर सगळे पुढे सरकले. मी अख्खी चौदा पानं लिहिली, त्यात हे वाक्य एकदाही नव्हतं.

मग तिने कोपऱ्यातली एक झिजलेली बाई दाखवली. राजाकडे कोणीच बघू नका, हिच्याकडे बघा, ही कुठे बघतेय सांगा, म्हणाली. एकवीस माणसं अर्धा तास एका दगडी बाईची नजर शोधत होती. मीही शोधली. ती दाराकडे बघत होती असं माझं मत, ते मी मांडलं नाही.

शेवटी मंदाकिनीने देवीपुढे दिवा लावला. शेवंतीबाई खांबाजवळ डोळे मिटून बसल्या आणि हळू आवाजात त्रिशरण म्हणाल्या. एकीचं होईपर्यंत दुसरी थांबली. हे त्यांनी ठरवून केलेलं दिसलं नाही. सवयीचं होतं.

बसमध्ये मला खिडकी मिळाली.

सोमवार, १५ डिसेंबर

ग्रुपवर आभाराचे चौतीस मेसेज. सगळे मंदाकिनीताईंना. एकाने लिहिलंय, गुरुदत्तरावांच्या मिसेसना छुपा रुस्तम म्हणावं लागेल. 'गुरुदत्तरावांच्या' यात माझा उल्लेख आलेला आहे.

मंगळवार, १६ डिसेंबर

शेवटी विचारलं. किती वर्षं जाताय. ती म्हणाली, एकोणीस. शाळा शनिवारी अर्धा दिवस असायची, तेव्हापासून. अंबरनाथला किती वेळा, ते मोजलेलं नाही.

म्हटलं, मला कधी सांगितलं नाहीस. ती म्हणाली, सांगायचे की. पहिली काही वर्षं आल्यावर सांगायचे. तुम्ही म्हणायचात, हं, आणि जेवायला काय आहे.

मी म्हणालो, असं मी कधी म्हटल्याचं आठवत नाही. ती म्हणाली, तुम्हाला कसं आठवेल.

आवाज चढलेला नव्हता. ती इस्त्री करत होती, माझाच शर्ट होता.

शनिवार, २० डिसेंबर

दोघी सकाळी गेल्या. घरात मी. प्रस्तावना लिहायला बसलो. पहिलं वाक्य: 'या स्थळांना प्रत्यक्ष भेटी देऊन.' खोडलं. 'या स्थळांना भेटी देऊन.' खोडलं. 'या स्थळांना.' इथवर बरोबर आहे.

दुपारी ती आली. मी विचारलं, कुठे गेलेलात. खिडकाळीच्या महादेवाला, म्हणाली, आणि वाट बघितली. तळं आहे का, विचारलं. आहे, म्हणाली, आणि मग बराच वेळ तळ्याबद्दल बोलत होती. जेवायला काय आहे हा प्रश्न जिभेवर आला होता. परत पाठवला.

मंगळवार, २३ डिसेंबर

शनिवारी मीही येऊ का, असं सहज विचारलं. मंदाकिनी म्हणाली, शेवंतीला विचारावं लागेल, शनिवार तिचाही आहे. माझ्या बायकोबरोबर जायला गणिताच्या बाईंची परवानगी.

फोनवर निकाल आला. या म्हणावं. एकच अट, माहिती सांगायची नाही.

विचार करून कळवतो म्हटलं. विचार केला. चहा निवायच्या आत कळवलं.

शनिवार, २७ डिसेंबर. दुपारी ३

अंबरनाथ. शूज गोदाबाईंकडे दिले. त्यांनी मंदाकिनीची ख्यालीखुशाली विचारली आणि मला म्हणाल्या, आज आत जाणार वाटतं. मंदाकिनीने ऐकलं. म्हणजे २४ नोव्हेंबरचं तिला आधीच माहीत होतं, की आज कळलं, हे मी विचारलं नाही.

मंडपाच्या खांबांपाशी तोंडात शके ९८२ येत होतं. गिळलं.

गाभाऱ्याच्या पायऱ्या खोल आहेत आणि पाण्याने ओल्या. शेवंतीबाई झपझप उतरल्या. मी चौथ्या पायरीवर थांबलो. खाली नीट दिसेना. इथे लिहायला हरकत नाही, भीती वाटली. पहिल्या खेपेलाही लाईनमुळे किंवा शूजमुळे थांबलो नव्हतो. व्हिडिओत या पायऱ्या बघूनच ठरवलेलं, आत उतरायचं नाही.

मंदाकिनी दोन पायऱ्या खाली होती. वळली, हात पुढे केला. चौतीस वर्षांत रस्त्यात तिचा हात धरलेला नाही, बरं दिसत नाही म्हणून. धरला. एकेक पायरी करून उतरलो.

खाली गारवा होता. बेलाचा वास. लोक पिंडीवर पाणी घालत होते. ती म्हणाली, वर बघा. पाहिलं. वर छत नव्हतं. शिखराच्या पोकळीतून आभाळाचा एक तुकडा दिसत होता, आणि त्याचा उजेड पिंडीवर पडत होता. मी घरी तिला सांगितलेलं, अंधार असतो.

काही बोललो नाही. अटीमुळे नव्हे.

बाहेर आल्यावर शेवंतीबाईंनी विचारलं, भाऊ, कसं वाटलं. मी म्हणालो, मला माहीत नाही. त्या मंदाकिनीकडे बघून म्हणाल्या, पुढच्या शनिवारी आणायला हरकत नाही. पिशवी धरायला कोणीतरी लागतंच.

परतीच्या रिक्षात त्या दोघी मागे बसल्या. मी ड्रायव्हरशेजारी, मांडीवर पिशवी. वळणं मी सांगितली नाहीत. वेळेत पोचलो.