मामांचं ‘हं’

तीर्थरूप मामांना, उजव्या कानाजवळ येऊन मोठ्याने नमस्कार.

तब्येत कशी आहे? मामी म्हणते ठणठणीत आहे, फक्त फोनवर सगळ्यांना ‘बरं, बरं’ म्हणता. (गेल्या वेळी माझा पाय मुरगळल्याचं सांगितलं, तर ‘छान झालं’ म्हणालात.) म्हणून हे पत्र.

बातमी अशी की, ड्रम वाजवताना मी आता कानात इअरफोन घालते, स्वतःच्या मापाचे. माप घ्यायला डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कानांत गार लगदा भरला आणि हसू नका म्हणाल्या. मला नेमकं तेव्हाच हसू फुटलं, पुन्हा लगदा. आता वाद्यं बेताच्या आवाजात ऐकू येतात आणि बाहेरचा गोंगाट बाहेरच राहतो. पण पहिल्याच कार्यक्रमात फजिती झाली. गायिकेने ऐनवेळी शेवटचं कडवं गाळलं आणि वळून मला ओरडून सांगितलं. मी हसून मान डोलावली. (हे आपल्या घराण्यातच आहे.) बाकीचे वाकून नमस्कार करून मोकळे झाले, आणि मी डोळे मिटून धडाधड वाजवतेच आहे! लोकांना वाटलं, हा खास माझाच तुकडा. टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणे. तोही मला ऐकू आला नाही.

तुमच्या वाद्यवृंदात असं झालंच नसतं. तुम्ही ट्रम्पेट घेऊन माझ्या झांजेला खेटून उभे राहायचात आणि वळण आलं की नुसतं ‘हं’ म्हणायचात. तालमीच्या त्या पत्र्याच्या खोलीत शिरण्याआधी माझ्या कानांत कापूस कोंबायचात, पण त्यातूनही ते ‘हं’ पोहोचायचं. स्वतःच्या कानांत कधी घातला नाहीत. प्रमुखाने कान झाकले तर चुका कोण पकडणार, म्हणायचात. परवा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतकी वर्षं ड्रम वाजवून तुमचे कान शाबूत कसे? मला तिथेच रडू आलं. आता ताल धरायला इअरफोनमध्ये यंत्राची टिकटिक असते. ती चुकत नाही, पण माझ्याकडे बघतही नाही. फार आठवण येते, मामा.

मामीला नमस्कार.

तुमची,
ढमढम भाची

ता. क. आमचा साउंडवाला म्हणतो, कानात हवा तो आवाज सोडता येतो. रविवारी तालमीला या आणि माइकमध्ये तेवढं ‘हं’ म्हणून जा.

आणखी एक ता. क. वाटेत डॉक्टरीणबाईंकडे थांबायचंय, तुमच्यासाठी वेळ घेतली आहे. कानाचं यंत्र नको म्हणून मामीशी भांडता, ठाऊक आहे. माझ्याशीही भांडा. पण तुमच्या ‘हं’नंतर मी काय वाजवते ते तुम्हाला ऐकू नाही आलं, तर चुका कोण पकडणार?