निघालेल्या माणसामागचा केर

५ ऑक्टोबर १९१८, लोणावळा

पुण्याहून सकाळच्या गाडीने उतरले. फलाटावर भिमाजी हजर होता. अंगात इंजिनशेडमधला तेलकट कोट आणि तोंडभर हसू. माझी ट्रंक खांद्यावर घेत त्याने विचारलं, की बाई, हिच्यात नुसतं फिनेलच भरलंय का? खरोखरच अर्धी ट्रंक फिनेल आणि कार्बोलिक साबणाची आहे. तसं सांगितल्यावर तो वाटेतच थांबून हसला.

याच माणसाने गेल्या महिन्यात मला भर सभेत अडवलं होतं. इथल्या धर्मशाळेत 'माजघरातील मृत्यू' या विषयावर मी बोलत होते. बाळंतिणीची कोंदट खोली, कुजक्या चिंध्या, शेणाच्या हातांनी कापलेली नाळ, सगळ्यांवर आग पाखडली. घाण ही गरिबीची खूण नव्हे, शरणागतीची खूण आहे, असं म्हटलं आणि टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून हा उठला. म्हणाला, "बोलता झ्याक. पर आमची दोन पोरं पाचवीच्या आत गेली. तिसरं येऊ घातलंय. येऊन जगवून दाखवा." सभा हसली. मला हसू आलं नाही. मी तिथूनच सांगितलं, येते.

आमच्या संस्थेच्या चिटणीसबाई म्हणाल्या, मुंबईत मानमोडीचा ताप पसरलाय, लीलाबाई, अशात कुठे निघालात? अशातच निघायचं असतं, असं मी उत्तर दिलं.

घर लहान आहे. ओटा, माजघर, चूल, मागे मोरी आणि त्यापलीकडे उकिरडा. घरात भिमाजीची म्हातारी आई झुंबरबाई आणि बायको रतन. रतन एकोणीस वर्षांची आहे, दिवस भरत आलेत. माझं भाषण तिने बायकांत बसून ऐकलं होतं. मी पाय धुते न धुते तोच तिने विचारलं, की कात्री उकळून घ्यायची म्हणजे किती येळ उकळायची? हजार टाळ्या या एका प्रश्नावरून ओवाळून टाकाव्यात. हे मूल जगणार. मी तिला तसा शब्द दिला आहे.

८ ऑक्टोबर

तीन दिवस घर घासते आहे. मोरीचा दगड उचलला तर खाली करड्या रंगाचा गिळगिळीत थर, त्यात केसांचे गुंतवळ, आणि त्या गुंतवळात पांढरे किडे आरामात वळवळत होते. तांदळाच्या कणगीत उंदराच्या लेंड्या. रतनच्या बाजल्याच्या भेगांत उकळतं पाणी ओतलं तेव्हा ढेकणांच्या माळाच्या माळा बाहेर आल्या, फुगलेल्या, लालबुंद. बोटाने चिरडला की रतनचंच रक्त. पण थांबले नाही.

झुंबरबाई दिवसभर मिसरी लावते आणि बसल्या जागेवरून कोपऱ्यात थुंकते. त्या कोपऱ्याला वर्षानुवर्षांचा तांबूस साका धरलाय, लाखेसारखा. तो मी विळ्याने खरवडला. म्हातारी म्हणाली, "भित बी खरवडून पुन्याला न्या, बाई. रातच्याला आमी आबाळाखाली झोपतो." आणि पुन्हा तिथेच थुंकली. भिमाजी ओट्यावर हसत होता. मी त्याच्याही हातात चुन्याची बादली दिली.

रतनला वाकू नको म्हणून सांगितलंय, तरी सुपली धरायला येते. केर सुपलीत आला की तिचा चेहरा उजळतो. तिला अक्षरओळखही नाही. बाळंतपणानंतर शिकवीन. असे शिष्य व्यासपीठावरून मिळत नाहीत.

१० ऑक्टोबर

ताप या आळीत आला. समोरच्या दोन घरांतून काल माणसं उचलली. रेल्वेचे डॉक्टर ओट्याखालूनच बजावून गेले, की बाळंतपण होईतो कोणी उंबरा ओलांडू नका. दुकानं बंद, शेड अर्धी ओस. चौघं या एवढ्याशा घरात कोंडलो आहोत, आणि कोंडलेली माणसं किती घाण करतात हे कोंडल्यावाचून कळत नाही. शेंबूड, बेडके, खरकटं, गळालेले केस, चुलीची राख. सकाळी झाडावं, दुपारी तेवढंच पुन्हा.

त्यात आळीतली सुईण विठाबाई काल वारली. मी पुस्तकं वाचली आहेत, बाळंतपणं पाहिली आहेत, पण अडलेलं मूल सोडवणं मला जमणार नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. भिमाजीची मावशी धोंडाबाई आंबीला असते, ती सुईणपण करते. तळेगावापर्यंत गाडी, पुढे पायी, आणि उद्या तिला घेऊन परत, असं ठरवून तो दुपारी निघाला. रतनला म्हणाला, मावशीला आणतोच, तोवर बाईंच्या फिनेलात बुडून मरू नगंस.

तो उंबऱ्याबाहेर पडला आणि मी केरसुणी उचलली.

माणूस घराबाहेर पडल्या पडल्या झाडू नये, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या आईनेही ते पाळलं. म्हणूनच उचलली. तो अजून आळीच्या वळणावर दिसत होता. झुंबरबाई किंचाळली, "आवं, मानूस आत्ता भायेर पडलंय आन् तुमी केर काढताय? मयत उचलल्यावर झाडत्यात आसं! ठिवा ती केरसुनी!" मी ठेवली नाही. माजघरापासून उंबऱ्यापर्यंत झाडत आले आणि झाडता झाडता बोलतही होते. जंतू मुहूर्त बघत नाहीत, आजी. या असल्या भयांनीच तुमची दोन नातवंडं नेली. म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली. रतन आधी घाबरली, मग तिने सुपली पुढे धरली. तिच्या तोंडावर भीती आणि आनंद दोन्ही होते. पुण्यातल्या कुठल्याही सभेत मी इतकं चांगलं बोलले नव्हते.

१२ ऑक्टोबर

भिमाजी आज भर दुपारी आला. एकटाच. पायांत वहाणा नाहीत. मावशी कुठे, असं विचारलं तर म्हणाला, येती. कुठे होतास, तर म्हणाला, वाटंत. मी त्याला ओट्यावर थांबवून अंघोळीचं पाणी दिलं. पाणी अंगावरून गढूळ होऊन वाहिलं. दुसरी बादलीही गढूळ, तिसरीही. शेवटी चूल विझली म्हणून सोडलं.

तो आत येऊन रतनच्या बाजल्याशी भिंतीला टेकून बसला. जेवला नाही. रतन खुशीत आहे. म्हातारीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मग तो हात नाकाशी नेला आणि उठून चुलीपाशी गेली.

अंघोळ करूनही तो बसला तिथे तासाभरात मातीचा पट्टा उमटला. काळी, दमट, खोल खणल्यावर लागते तशी. झाडून काढली.

१४ ऑक्टोबर

दिवसातून सहा-सहा वेळा झाडते आहे. नुसती माती राहिलेली नाही. काल तिच्यात केस होते, मुळासकट उपटून आल्यासारखे. आज कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे. सुपलीत घेतले तर चिकट लागले. खाली एक नख. वास फुलदाणीतल्या सडक्या पाण्यासारखा, फिनेलला दाद न देणारा. भिमाजीला विचारलं, काय होतंय? तो म्हणाला, काय न्हाई, हलकं वाटतंय.

त्याचा डावा हात रतनच्या पोटावर असतो. हात उचलला की लुगड्यावर मातीचा पंजा. रतन तो लगेच ओल्या फडक्याने पुसते आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघते.

आज त्या हाताला करंगळी दिसली नाही. परवा होती. मी डोळे मिटून सकाळचा केर आठवायचा प्रयत्न केला.

१५ ऑक्टोबर

आंबीहून महिपती नावाचा माणूस आला. अंगणातच उभा राहिला. म्हणाला, धोंडाबाई आठ दिवसांमागं गेली. भिमाजीच्या घरचं कोण हाय? मी पुढे झाले. तो खाली बघत सांगू लागला, की गुरुवारी सांजच्याला इंद्रायणीच्या काठाला मानूस पडल्यालं घावलं. अंगात शेडचा कोट. ताप मस्तकात गेलता. "जाळायला सरपन कुटलं, बाई? लय मयती. तितंच खड्डा करून पुरला. आमीच पुरला."

गुरुवार म्हणजे दहा तारीख.

माझ्या मागे, माजघरात, भिमाजी खोकला. महिपतीने मान वर केली, आत पाहिलं, आणि तो पळाला.

मी हातातली केरसुणी खाली ठेवली. चार दिवसांत मी काय भरून उकिरड्यावर टाकत होते ते मला त्या क्षणी कळलं, आणि ज्या विद्येवर आयुष्य उभं केलं तिच्यातला एकही शब्द मदतीला आला नाही. म्हातारीला सांगितलं. ती म्हणाली, मला पैल्या दिशीच कळलंतं. मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "बसू द्यावा म्हनलं जरा घरात. तुमी झाडायच्या थांबाल आसं वाटलंतं."

१६ ऑक्टोबर

झाडायचं नाही. मी ठरवलंय. मातीत पाय बुडतात. माश्या. भिंतीपाशी ओल धरलीय आणि त्या ओलीत बारीक पांढरं काहीतरी हलतंय. माझं अंग शहारतं, हात शिवशिवतात. दोन्ही तळवे मांडीखाली दाबून बसते.

रतनला सांगितलं, मूल येईतो केर काढू नकोस. कारण सांगवेना. पोटुशी आहे, धक्का बसेल. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, बाई, तुमीच आसं म्हनता? माझी दोन आसल्याच घाणीत गेली ना?



झुंबरबाई उकिरड्यावर बसून हातांनी उकरते आहे. सापडेल ते पदरात घेऊन येते, त्याच्याजवळ ओतते. पुन्हा जाते.

१७ ऑक्टोबर

ताप भरला. मला. उभं राहवत नाही. घसा पार बसला — फक्त फुसफुस येते. ओट्याकडच्या भिंतीशी पडून आहे.

दुपारी डोळा लागला. जाग आली तो केरसुणीच्या आवाजाने. रतन. एवढं पोट घेऊन, वाकून, कोपरा न् कोपरा. भिंतीपाशी नुसता कोट. म्हणाली, कोट टाकून कामावर गेले वाटतं, सांगून बी गेले न्हाईत. लख्ख जमीन. फिनेलचा वास. तिला वाटलं मी खूश होईन.

ओरडले. आवाज नाही.

म्हातारी उकिरड्यावरच. रतनने हाक मारली तरी येत नाही. हलतही नाही.

१८ ऑक्टोबर

पहाटेपासून कळा. सरपटत गेले. अडलं नाही — आपसूक सुटलं. कात्री उकळलेली. नाळ मी कापली. मुलगा. रडला! मोठ्याने रडला. जिवंत आहे. मी शब्द दिला होता —

सवयीने पुसला. फडकं काळं झालं. रक्त असेल, वाटलं. पुन्हा पुसलं. पुन्हा काळं. दमट.

उजव्या कानाची पाळी पुसली. पाळी नाही आता. फडक्यात —

तो रडत नव्हता. दुखलं नसावं.

१९ ऑक्टोबर

दूध पितो. पांढऱ्या चादरीवर त्याच्याभोवती मातीची कड. तशीच राहू द्यायची. पुसलं नाही तर जगेल. कदाचित. भिमाजी पहिल्या दिवशी पूर्ण होता.

रतनला खुणा केल्या. नको, नको. तिला वाटलं पाणी हवं. पाणी दिलं. माझं तोंड पुसलं. गोड पोर.

पाणी तापत ठेवलंय तिने. बाळाला अंघोळ. फडकी उकळतेय — मी सांगितलं तसं —

उठता येत नाही. हात टेकले. पडले. उंबऱ्यापर्यंत आले. वहीवर मोठं लिहून दाखवते

पुसू नको

पुसू नको

ती बघते. हसते. वाचता येत नाही तिला. म्हणते, बाई, आता लिहीत काय बसलाय, बघा तरी कसा लख्ख करते —

रतन नको पाणी नको

हात धुतले. माझ्यासारखे. कोपरापर्यंत. आधी तोंड पुसते म्हणाली, डोळ्यांत माती गेलीय —

रतन तोंड नको त्याचं तोंड