सोळा दीड चोवीस

आमगाव, मंगळवार, नोव्हेंबर १९५३

कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार चोवीस, असं आज वर्गाला विचारलं. तीन-आठ, चार-सहा, दोन-बारा आले. यशोदा म्हणाली, "दीड अन् सोळा." पोरं हसली, मीही हसलो. वर तिच्या तळहातावर छडी दिली. तिनं हात मागे घेतला नाही.

घराच्या वाटेवर तोंडात आपोआप आलं, सोळा दीड चोवीस. अरे! ही दीडकीतली, दीडाच्या पाढ्यातली ओळ तर रोज सकाळी मीच घोकून घेतो. मग तेव्हा काऊन आठवली नाही? अपूर्णांक नको, असं तरी बोललो होतो का? नाही.

तो पुढे धरलेला हात डोळ्यांपुढून जात नाही. शाळा सुटल्यावर ती वर्गाच्या दाराशी येऊन विचारत होती, "गुरुजी, आपली दीडकी चुकीची हाये का जी?"

मी धड न ऐकताच "हो" म्हटलं.