दोन ओळींची दिलगिरी

३० ऑगस्ट, नांदेड
सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला प्रांतसाहेब शासनाच्या वतीने झुंबरबाबांकडे दिलगिरी व्यक्त करणार. दुपारी फोनवर प्रांतांनी स्वतः सांगितलं. मी दोनदा विचारलं, दोनदा हो म्हणाले.

झुंबरबाबा पारधी, सत्तरीचे. तरुणपणी रोज संध्याकाळी पोलीस पाटलाच्या ओट्यावर हजेरी द्यायची. गाव सोडायचं तर पाटलाची चिठ्ठी घ्यायची, दुसऱ्या गावात पोचलं की तिथल्या पाटलाला दाखवायची. गुन्हा काही नाही, जन्म त्या जातीतला, एवढंच. तो गुन्हेगार जमातींचा कायदा जाऊन जमाना झाला. दोन वर्षं बाबा माझ्या मागे आहेत, मागणं एकच : "सरकारनं येकदा चुकलं म्हणावं. चार लोकांत."

बातमी साडेसहाला दिली. पान एक, तळाला.

१ सप्टें., नांदेड
प्रांतांचा खुलासा आला. "असे कोणतेही आश्वासन देण्यात आलेले नाही. सदर ज्येष्ठ नागरिकाचा शाल-श्रीफळ देऊन यथोचित सत्कार करण्याचे प्रस्तावित आहे."

फोन लावला. म्हणाले, "अहो, सत्कार काय, दिलगिरी काय, भावना एकच ना?"
मी म्हटलं, एक नाही.
"सत्काराचं परिपत्रक आहे माझ्याकडे. माफीचं नाही. कशाच्या आधारावर मागू?"

संपादक म्हणाले, खुलासा छापा, खाली आपली दिलगिरी टाका, वाद नको. आमच्याकडे दिलगिरीची चौकट तयारच असते, तारीख आणि मजकूर बदलायचा. समोरचा चहा गार व्हायच्या आत लिहून दिली. दोन ओळी. चूक माझी नव्हती, तरी.

३ सप्टें.
बाबांकडे जाऊन आलो. लोह्यापर्यंत एसटी, पुढे जीपमध्ये कोंबून. वस्ती गावाबाहेर. बाबांनी बाजेवर बसवलं. सत्काराचं सांगितलं.

"शाल? मी काय नवरदेव हाय व्हय?"
"मानाची असते, बाबा."
"मान कोण मागून राहिलंय? मी चूक मागून राहिलो."

मग पेपर वाचून दाखवायला लावला. खुलासा ऐकला, आमची चौकटही ऐकली.
"ही माफी कुणी मागितली?"
"आम्ही. प्रांतांची."
"किती दिस लागले?"
"अर्धा तासही नाही."
बाबा इतके हसले की खोकला लागला. "म्हंजे येतंय की लोकांला."

परत येताना जीप पंक्चर. दिवसच तसला.

६ सप्टें., लातूर
परीक्षा बोर्डाच्या बातमीसाठी आलो होतो, बाबांच्या नातीला, शीलाला, भेटलो. बारावी सायन्स, क्लास लावलाय. भूकंपानंतर दोन-तीन वर्षं या शहरात माणसं अंगणात झोपायची, माळ्यावर वीट चढवायला कुणी धजत नव्हतं. आता क्लासच्या पोरांसाठी घराघरावर तिसरा मजला, पत्रे, खाटा, 'मुलींसाठी खोली भाड्याने' अशा पाट्या.

शीलाची खोली गेली. का, ते आज कळलं. गेल्या महिन्यात बाबा तिला भेटायला आले. स्टँडवर उतरले ते आधी पोलीस चौकीत. हात जोडून म्हणाले, "आलो हाय साहेब. नातीकडं. उद्या जातो." चौकीतल्या हवालदाराला काहीच कळेना. म्हातारा हरवलाय की काय म्हणून तो बिचारा त्यांना खोलीपर्यंत सोडायला गेला. घरमालकिणीने दारात पोलीस बघितला, आडनाव विचारलं, आठ दिवसांत खोली खाली करायला सांगितली.

रागवायचं कुणावर? हवालदार चांगला वागला. शीलाला घेऊन मालकीणबाईंकडे जाऊन आलो, तर निघताना चहा घेऊनच जा म्हणाल्या. त्यांच्यावर रागावलो, पण चहा पिऊन झाल्यावर.

शीला सध्या मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपते. चाचणी परीक्षा डोक्यावर. "काका, त्याला किती येळा सांगितलं, आता कुणी हजेरी घेत न्हाई. म्हणतो, दिली न्हाई तर छातीत धडधड होती."
मग जरा रागानेच, "आन सरकारच्या माफीनं मला खोली भेटणार हाय का?"
नाही म्हणालो. खोटं कशाला.
स्टँडवर सोडायला आली. गाडी लागल्यावर म्हणाली, "पण सरकारनं म्हणलं ना, तर त्यो थांबल. मला बोललाय तसं. सोडणारा त्योच पायजे, ज्यानं बांधलं."

१० सप्टें., नांदेड
संपादकांशी जुंपली. त्यांचं म्हणणं : कायदा परक्यांचा, निजामाचा. आजचा अधिकारी तेव्हा जन्मलाही नव्हता. त्याने कशाची माफी मागायची?

मी म्हटलं, निजामाच्या उर्दू नोंदींवर अजून जमिनीचे निकाल लागतात. कचेऱ्या त्यांच्याच, दप्तरं त्यांचीच. तेव्हा नाही कुणी म्हणत, आम्ही जन्मलो नव्हतो. आणि सतरा सप्टेंबरला आपण मुक्त झालो म्हणून झेंडा लावतो, त्यानंतरही बाबा ओट्यावर बसतच होते. ते तर आपलं राज्य.

"अग्रलेख लिहा," म्हणाले. लिहिला. जागा नाही म्हणून उद्यावर. उद्या गणपती विशेष.

बाबांचं एक वाक्य त्यात घातलंय, ते राहिलं तरी पुरे : "भूकंप कुणाची चूक न्हवती, तरी सरकार दुसऱ्या दिशी आलं. हे सरकारनंच केलं, तर कुणी येईना."

१३ सप्टें.
अग्रलेख आला. ते वाक्य कापलं. अर्ध्या इंचासाठी.

तालुक्याला जाऊन प्रांतांना भेटलो. माणूस वाईट नाही, तोच त्रास आहे. म्हणाले, "एकाची मागितली तर उद्या दहा जण येतील."
"येऊ द्या. दोनच ओळी आहेत."
"वरून विचारणा झाली तर?"
मी मग लातूरच्या चौकीची गोष्ट सांगितली. टेबलावर भाषणाची टाइप केलेली प्रत होती. समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, मला दाखवलं : 'आपल्यावर अन्याय झाला. शासन चुकले.'
"टाइप करणार नाही. आयत्या वेळी बघतो. आणि हे छापू नका."

पेन्सिल. खोडरबर शेजारीच होता.

१६ सप्टें.
शीलाला खोली मिळाली. स्टँडच्या उजव्या हाताला, गल्लीत. मालक निवृत्त मास्तर आहेत, आडनाव विचारून मग भाडं सांगितलं, पण दिली.

बाबांना निरोप पोचलाय. धोतर धुऊन ठेवलंय म्हणे. शाल घेणार का विचारलं तर म्हणाले, "आधी काय बोलतो ते ऐकीन, मग हात पुढं करीन."

उद्या वेळेत पान जावं म्हणून दोन्ही बातम्या आजच लिहून ठेवल्या. एकीत सत्कार, एकीत दिलगिरी. सत्काराची पटकन झाली. दुसरीला शीर्षक सुचेना, तसंच ठेवलंय.

झेंडावंदन नऊला. भाषण साधारण वीस मिनिटं. ते आटोपलं की बाबा दुपारच्या गाडीने लातूरला, नातीची नवी खोली बघायला. शीला क्लास बुडवून स्टँडवर थांबणार आहे, पण जरा लांब, रसवंतीपाशी. बाबांना दिसायचं नाही असं तिने ठरवलंय.

चौकी स्टँडच्या डाव्या हाताला आहे. बाबा कुठल्या हाताला वळले, ते ती मला रसवंतीवरून फोन करून सांगेल.