कण्हेर पिवळी का पडते

१२ नोव्हेंबर

शी! कण्हेरीच्या एकेका कोवळ्या शेंड्यावर मावा. पिवळाधमक, काळ्या पायांचा, एकमेकांच्या अंगावर चढलेला. लांबून कळ्याच वाटल्या, म्हणून हात लावला — बोटं चिकट! साबणाने हात घासघासून धुतले तरी जेवताना घास तोंडात फिरत होता. वर मुंग्यांची रांग, तो चिकटा चाटायला.

हे पायरीवर बसून बघत होते. म्हणाले, "किडेच ते गो. खातले नि जातले." तहसीलदार कचेरीत जन्मभर हेडक्लार्क होते. तिथल्या अर्जांनाही असंच म्हणत असतील.

१३ नोव्हेंबर

ऊन उतरल्यावर साबणाचं पाणी नि कडुनिंबाचं तेल फवारलं, पानांच्या खालूनसुद्धा. हातमोजे घालून. कण्हेरीचा चीक लागला की मला पुरळ येतं, आणि पोटात गेला तर माणूस जायचा. मावा मेला. मेलेला मावा जिवंत माव्याहून ओंगळ दिसतो.

१९ नोव्हेंबर

मावा गेला, आता पानं पिवळी! खालची आधी. फक्त गडग्याच्या दगडी कुंपणाकडेची चार झाडं. मागच्या परसातली तीच कण्हेर हिरवीगार, फुललेली.

गौरजाचा पुण्याहून फोन. "आई, खत घाल." हिच्या गॅलरीत एक तुळस, तीही प्लास्टिकची! खत जास्त झालं की नुसता पाला माजतो, फूल दिसत नाही. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पण आईला सांगायची लेकीला केवढी हौस.

मग म्हणाली, "बाबा फोनवर तेच तेच विचारतात गं." म्हटलं, रिटायर माणूस आहे, दुसरं काय विचारणार.

२४ नोव्हेंबर

आज पान पान उलटून पाहिलं. खवल्यांची कीड नाही. काजळी नाही. तहानेने वाळतात तेव्हा पानं कडेने करपतात. ही तशी नाहीत — ही मऊ, लोंबलेली, टिचकी मारली की खाली. आणि बुंध्याशी वास! नारळाची सोडणं कुजत घातल्यासारखा.

माती चिखल. पाऊस जाऊन महिना झाला. पाणी घालायचं काम ह्यांचं, पण आठवड्यातून दोनदा, बेताने, असं सांगून ठेवलंय. विचारलं. "मिया? आज घालूकच नाय गो."

म्हणजे देवेश! गडग्यापलीकडे त्याचा होमस्टे. पर्यटकांच्या चादरींचं पाणी, माशांची खरकटी, सगळं आमच्या अंगावर. मागे एकदा गडग्यावर कोणाची तरी ओली चड्डी वाळत होती! कसली माणसं ही. अंगावर काटा येतो.

२७ नोव्हेंबर

बोलले. चांगलं सुनावलं. त्याच्या पाहुण्यांसमोर. "तुझी घाण तुझ्या दारात ओत!"

देवेश हळू आवाजात, "काकी, मिया कित्याक ओतू? माजी मोरी तर त्या बाजूक आसा."

"मग माझी झाडं कोण कुजवतंय?"

तो खाली बघायला लागला. "काका घालतत पाणी. घालतत, आत जातत, मगे परत येतत. परत घालतत. माका वाटला, तुमका म्हायत आसा."

खोटारडा! स्वतःचं पाप म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर ढकलतो. शिसारी आली त्याची. दार धाडकन लावून घेतलं.

२८ नोव्हेंबर

एका झाडाच्या मुळाशी उकरलं. मुळं तपकिरी, बुळबुळीत. ओढलं की साल हातात येते. पण साबणाचा वास नाही. फेस नाही. खरकटं नाही. साधं विहिरीचं पाणी.

गडग्यापलीकडे वाकून पाहिलं. देवेशची माती खडखडीत.

मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. हे आले. झारी भरली. एकेका झाडाला प्रेमाने पाणी घातलं, वाळकं पान उचललं, झारी ठेवली, आत गेले. मी कुकर चढवला. शिट्टी व्हायच्या आत हे परत झारी घेऊन!

धावत गेले. "अहो, आत्ताच तर घातलंत!"

"खंय? आज घालूकच नाय गो." हसले. लुंगी गुडघ्यापर्यंत भिजलेली.

मला माझीच घाण वाटली. माव्याचे पाय किती काळे ते मी बघत बसले होते.

२९ नोव्हेंबर

काही लिहिवत नाही.

२ डिसेंबर

देवेशकडे गेले. माफी मागायचे शब्द ठरवून गेले होते, तोंडातून भलतंच निघालं — "आधी का नाही सांगितलंस?"

"सांगूक जड वाटला, काकी."

दुपारी खोरं घेऊन आला. चारही झाडांभोवती चर खणून पाणी बाहेर काढलं. कुजलेली मुळं मी कापली, जाड रेती मिसळली, वरच्या फांद्या निम्म्यावर आणल्या. एक झाड गेलंच होतं, ते उपटलं. देवेश काडेपेटी काढत होता, ओरडले — कण्हेर जाळायची नाही, धूर विषारी! खड्डा करून पुरली.

हे मधेमधे करत होते. "पाणी घालूया?" म्हटलं, "उद्या." दर वेळी म्हटलं.

११ डिसेंबर

कणकवलीचे डॉक्टर. डोक्याचा फोटो, प्रश्न, चित्रं. घड्याळ काढायला दिलं, ह्यांनी सगळे आकडे एका बाजूला कोंबले. नजर दुसरीकडे वळवली मी. डॉक्टर म्हणाले, "बरं होणार नाही. हळू जाईल, एवढं बघू." गौरजा फोनवर रडली. मी नाही. मला त्या दवाखान्यातल्या फिनेलच्या वासाचा राग येत होता.

२६ डिसेंबर

तीन झाडांना खालून फूट आली. मागच्या परसातली माती कोरडी पडलीय. आता तिथे ह्यांना घेऊन जाते. आम्ही दोघं मिळून एकदाच पाणी घालतो.

५ जानेवारी

आज सकाळी पाणी घालून झाल्यावर ह्यांनी मला अंगणातली खुर्ची पुढे केली. बेचाळीस वर्षांत माझ्याशी मालवणीशिवाय बोलले नाहीत. आज कचेरीतल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "बसा बाई. कोणत्या गावाहून आलात? साहेब येतीलच एवढ्यात."

मी बसले.